मक्याचे नाव बाटलीवर

अमेरिकेच्या 'स्ट्रेट', म्हणजे अमिश्रित व्हिस्कीबद्दल आपल्याकडे दोन समजुती आहेत. पहिली अशी की ती पाणी-सोडा न घालता प्यायची असते. ही सरळ चूक आहे. दुसरी अशी की तिच्यात काही मिसळलेले नसते, म्हणून ती शुद्ध, आणि शुद्ध म्हणून श्रेष्ठ. ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणून ती पुसणे जास्त कठीण.

माझे म्हणणे असे की या व्हिस्कीचे मोल शुद्धतेत शोधणे मुळातच चुकीचे आहे. रसायनशास्त्राच्या अर्थाने ती अशुद्धच असते आणि कायदा तिची ती अशुद्धता जपतो. तिचे खरे मोल हिशोबात आहे. ती कोणत्या धान्याची, किती तीव्रतेपर्यंत गाळलेली, कोणत्या लाकडात किती काळ ठेवलेली, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बनवणाऱ्याला द्यावे लागते आणि ते उत्तर चवीतून तपासता येते. चाळीसगावपासून धुळे-दोंडाईच्यापर्यंत मका पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्याने हा मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण धान्यापासून दारू बनवण्याचे धोरण आता आपल्याही दारात आले आहे.

१. शुद्धतेचा घोळ

सर्वांत शुद्ध मद्यार्क कोणता, असा प्रश्न असेल तर उत्तर सोपे आहे: ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, अर्थात तटस्थ मद्यार्क. उंच स्तंभांतून पुन्हा पुन्हा गाळून तो ९६ टक्क्यांच्या आसपास नेतात. तिथवर पोचेपर्यंत मूळ पदार्थाची बहुतेक सगळी खूण निघून जाते. मळीचा असो, तांदळाचा असो वा मक्याचा, जिभेला फारसा फरक कळत नाही. बिनवासाचा, बिनचवीचा असणे हाच त्याचा गुण.

अमिश्रित अमेरिकन व्हिस्कीला याच्या उलट बंधन आहे. गाळताना ती ८० टक्क्यांच्या वर न्यायचीच नाही. बरेच कारखाने त्याच्याही बरेच खाली थांबतात. त्यामुळे धान्यातून आणि आंबवणातून आलेली एस्टर, मेदाम्ले, अल्डिहाइड, जड अल्कोहोल अशी द्रव्ये थोड्या प्रमाणात मागे राहतात. मक्याचा गोडवा, राय या धान्याचा मिऱ्यासारखा तिखटपणा, मोड आणलेल्या जवाचा खमंगपणा, हे सगळे त्या 'अशुद्धी'तच असते. ती काढून टाकली की व्हिस्कीपण संपले.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, असे मानण्याची रीत आहे. तिच्यामागेही हाच गोंधळ आहे. जितकी जहाल तितकी खरी, असे आपण गृहीत धरतो. भट्टी लागल्यावर सुरुवातीला येणाऱ्या धारेत अल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटसारखी हलकी, नाकात जाणारी द्रव्ये जास्त असतात. जाणता कारागीर ती धार बाजूला काढतो, मधला भाग ठेवतो आणि शेवटची जड धारही वेगळी करतो. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याच्या विवेकातून मद्याचा स्वभाव ठरतो. तीव्रतेचा आणि अस्सलपणाचा काही संबंध नाही.

२. कायद्याने नेमके काय बांधले आहे

आजचे नियम थोडक्यात असे आहेत. मद्य धान्याच्या आंबवणातूनच काढलेले हवे. गाळण्याची मर्यादा ८० टक्के. पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पिंप ओकचे, नवे आणि आतून जाळून कोळसलेले हवे; मुख्यतः मक्याची 'कॉर्न व्हिस्की' एवढाच त्याला अपवाद. त्यात किमान दोन वर्षे मुरणे आवश्यक. वय चार वर्षांपेक्षा कमी असेल तर ते बाटलीवर लिहिलेच पाहिजे आणि ते सर्वांत कोवळ्या भागाचे लिहायचे. वरून रंग, स्वाद वा तटस्थ मद्यार्क घालायचा नाही. बाटलीत तीव्रता ४० टक्क्यांच्या खाली उतरवायची नाही. बर्बन म्हणायचे तर धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. राय व्हिस्की म्हणायचे तर किमान ५१ टक्के राय.

या नियमांत मिश्रणाला सरसकट बंदी नाही, हे लक्षात घ्यावे. धान्ये एकत्र करता येतात, किंबहुना सहसा केलीच जातात; मक्यासोबत राय किंवा गहू आणि थोडे मोड आणलेले जव हा बर्बनचा रिवाज आहे. खानदेशातल्या घराला हे वेगळे सांगायला नको. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, म्हणून तिला कोणी भेसळीची भाकरी म्हणत नाही. काय घातले ते सर्वांना ठाऊक असते आणि जे घातले त्याचीच चव लागते. पिंपेही एकत्र करता येतात. अनेक पिंपांतली व्हिस्की जुळवून ठरावीक चव साधणे हे कारखान्यातल्या जाणकाराचे रोजचे काम आहे.

बंदी आहे ती मुख्यतः एका गोष्टीला: थोडी मुरलेली व्हिस्की घेऊन तिच्यात तटस्थ मद्यार्क ओतायचा आणि सगळ्याला तिचेच नाव द्यायचे, याला. असे मद्य अमेरिकेतही विकता येते, पण त्याला 'ब्लेंडेड' म्हणावे लागते आणि त्यात किमान २० टक्के अमिश्रित व्हिस्की असावी लागते. म्हणजे उरलेला ८० टक्क्यांपर्यंतचा भाग तटस्थ मद्यार्क असू शकतो. विकण्याची मोकळीक आहे, लपवण्याची नाही.

३. पिंपात काय घडते

नव्या ओकच्या पिंपाला आतून आग लावतात. वरचा थर कोळसा होतो आणि त्याच्या मागचे लाकूड भाजून लालसर होते. त्या भाजलेल्या थरातले हेमिसेल्युलोज तुटून साखरेच्या पाकासारखी द्रव्ये तयार होतात, लिग्निनपासून व्हॅनिलिन मिळते, ओकमधली लॅक्टोन नारळासारखा वास देतात आणि टॅनिन तोंडाला धरणारा तुरटपणा. कोळशाचा थर काही उग्र गंधकयुक्त द्रव्ये शोषून घेतो. उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत मागे येते. वर्षानुवर्षे ही ये-जा चालते. भरताना पाण्यासारखे असलेले मद्य तांबूस होऊन बाहेर येते. तो सगळा रंग लाकडाचा असतो.

एक शंका इथे रास्त आहे. चवीचा मोठा वाटा लाकडाचाच असेल, तर धान्याचे एवढे कौतुक कशाला? उत्तर असे की लाकूड एकटे काही घडवत नाही. मद्यातली आम्ले आणि अल्कोहोल वर्षानुवर्षे एकमेकांशी आणि लाकडातून सुटलेल्या द्रव्यांशी प्रक्रिया करत राहतात. त्यातून फळांसारखे, मधासारखे वास येतात. तटस्थ मद्यार्कात ती मूळ द्रव्येच उरलेली नसतात. तो पिंपात ठेवला तर लाकडाची चव घेईल, पण लाकडाला जोड देणारे त्याच्याकडे काही नसेल. म्हणून गाळण्याची मर्यादा आणि मुरण्याची अट एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. नियमांमागचे शास्त्र ते हेच.

४. हा नियम कशातून जन्मला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हिस्की म्हणून विकला जाणारा मोठा भाग घाऊक व्यापाऱ्यांच्या गोदामांत तयार होई. तटस्थ मद्यार्कात रंग, फळांचा अर्क आणि थोडी जुनी व्हिस्की टाकून ती बाटलीबंद करत. त्याविरुद्ध केंटकीतल्या एडमंड टेलर यांच्यासारख्या उत्पादकांनी जोर लावला आणि १८९७ मध्ये 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. एकाच कारखान्याची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि ५० टक्के तीव्रतेला भरलेली व्हिस्की असेल, तरच बाटलीवर सरकारी शिक्का. पुढे १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा आला. सरकारी रसायनज्ञ हार्वे वायली यांनी त्याच्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली होती.

नंतर वाद पेटला तो याच मुद्द्यावर: व्हिस्की म्हणायचे कशाला? गंमत अशी वाटावी की शुद्धतेचा दावा दोन्ही पक्षांचा होता, पण प्रश्न गंभीर होता. मिश्रण करणारे म्हणत, आम्ही जड तेलकट द्रव्ये काढून टाकतो, म्हणून आमचा माल शुद्ध. मुरवणारे म्हणत, आम्ही वरून काही घालत नाही, म्हणून आमचा शुद्ध. हा तिढा १९०९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी सोडवला. त्यांनी दोन्ही पक्षांना व्हिस्की हे नाव वापरू दिले, पण कोणती अमिश्रित आणि कोणती तटस्थ मद्यार्काची, हे बाटलीवर सांगण्याची सक्ती केली. आणि मळीपासून केलेल्या मद्याला मात्र व्हिस्की हे नाव नाकारले.

या निर्णयाने शुद्धतेचा प्रश्न बाजूला सारून उगमाचा प्रश्न मध्यभागी आणला. माझ्या मते अमिश्रित व्हिस्कीचा अर्थ तिथे निश्चित झाला.

५. त्याच काळात आपल्याकडे

अमेरिकेत हे घडत असताना मुंबई इलाख्यात कायदा कोणत्या दिशेने चालला होता? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप संपवून ते मध्यवर्ती भट्ट्या आणि ठेकेदार यांच्या हाती नेले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरच बंधने घातली. हेतू महसुलाचा होता. अमेरिकेच्या कायद्यालाही महसूल हवा होता, पण त्याने बनवणाऱ्याला हिशोब द्यायला लावून त्या बदल्यात नाव दिले. आपल्या कायद्याने बनवणाऱ्याला गुन्हेगार ठरवले.

आपल्या भागात अमिश्रित म्हणावे असे मद्य होते आणि आहे. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली वेचतात, वाळवतात, भिजवून आंबवतात आणि साध्या भांड्याच्या भट्टीवर गाळतात. कमी तीव्रतेला गाळल्याने फुलाचा जड, गोडसर वास मद्यात तसाच उतरतो. देवाला, लग्नाला, पाहुण्याला ते चालते. त्याला पिंप नाही, वय नाही, पण उगम एक आहे आणि तो लपलेला नाही.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर आणि साखर कारखानदारी वाढल्यावर चित्र पालटले. परवान्याच्या दुकानातली देशी दारू प्रामुख्याने मळीच्या मद्यार्काची झाली. तिला 'संत्रा'सारखे स्वाद लावले गेले. वरच्या फळीवर 'व्हिस्की' आली, तीही बहुतांशी तटस्थ मद्यार्काचीच, थोडी माल्ट व्हिस्की आणि रंग घातलेली. मळीपासूनचे मद्य युरोपीय संघ आजही व्हिस्की म्हणून विकू देत नाही. आणि कायद्याबाहेर काळा गूळ व नवसागराचा सडवा उकळणारी हातभट्टी उरली. उगम लपला की माणूस कशाला बळी पडतो हे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसले. शंभरांहून अधिक माणसे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने गेली. ते औद्योगिक विष होते. बाटलीत काय आहे हे विचारण्याची सोयच पिणाऱ्याला नव्हती.

६. चाळीसगावचा मका

दिवाळीच्या आगेमागे चाळीसगावच्या मार्केट यार्डात मक्याचे ढीग पडतात. लिलावाला आलेला व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आत ऊब लागते का बघतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, काळपट दाणा वेगळा करतो, एखादा दाताखाली फोडतो. ओलावा जास्त निघाला की भाव तिथल्या तिथे उतरतो. दाण्याची इतकी पारख होते. मग तो मका कोंबडीखाद्याला, दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्याला किंवा इथेनॉलला जातो आणि त्याचे नाव तिथेच संपते. याच जातीच्या धान्यावर केंटकीने जगभर नाव कमावले आहे.

धान्यापासून दारू हा विषय आपल्याला नवा नाही. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्याधारित मद्यार्क कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले आणि ज्वारी-बाजरीच्या राज्यात त्यावर मोठे वादळ उठले. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा, धान्याधारित मद्याचा वर्ग जाहीर केला. १८० मिलिलीटरला किमान किंमत १४८ रुपये. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले.

इथे जनतेची आणि शेतकऱ्याची दिशाभूल होण्याचा धोका आहे. 'धान्यापासून' एवढे लिहिले म्हणजे धान्याची व्हिस्की होत नाही. मका ९६ टक्क्यांपर्यंत गाळला तर तो मका राहिलाच कुठे? त्या अवस्थेत खरेदीदाराला फक्त पिठूळ पदार्थाचे वजन हवे असते. सडका तांदूळ स्वस्त मिळाला तर तो तांदूळ घेईल. दाण्याच्या गुणाला मोल तेव्हाच मिळते जेव्हा तो गुण बाटलीपर्यंत टिकवण्याची सक्ती असते. गाळपाची मर्यादा ही तांत्रिक बाब वाटते, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने धोरणाचा सगळा अर्थ तिच्यात आहे.

७. चार आक्षेप

*पहिला: दारू ती दारू, तिचे गुणगान कशाला?* हा आक्षेप आमच्या भागात हलक्याने घेता येणार नाही. तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींमध्ये दारू सोडण्याची मोठी चळवळ उभी केली, ती दारूने कर्जात आणि वेठीत लोटलेल्या घरांकडे पाहूनच. मी स्पष्ट सांगतो: यकृताला बर्बन आणि देशी यांत भेद कळत नाही. अमिश्रित व्हिस्की कमी अपायकारक आहे असा माझा दावा नाही आणि तसा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण जे परवान्याने विकले जातेच, त्याच्या बाटलीवर खरे लिहिलेले असावे, ही मागणी दारूबंदीवाल्यालाही मान्य व्हावी. वायली यांची लढाई अन्नातल्या फसवणुकीविरुद्ध होती, पिण्याच्या बाजूने नव्हती.

*दुसरा: मिश्रण हीसुद्धा कला आहे.* मान्य. स्कॉटलंडची ख्याती मिश्रणांवर उभी आहे. पण तिथे मिश्रणातला धान्याचा भागही धान्याचाच असतो आणि किमान तीन वर्षे पिंपात मुरतो. मुरलेल्याशी मुरलेले जुळवणे ही कला. न मुरलेल्या मद्यार्काला रंग देणे हा निराळा धंदा. तोही करावा, पण त्याच्या नावाने.

*तिसरा: हे नियम धंदेवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतले.* बऱ्याच अंशी खरे आहे. टेलर यांना प्रतिस्पर्धी हटवायचे होते आणि नव्या पिंपाच्या अटीचा फायदा पिंप बनवणाऱ्यांना झाला. पण नियम कोणाच्या स्वार्थातून आला यावरून तो कोणाच्या उपयोगाचा हे ठरत नाही. शब्द दिला तो फायद्यासाठी दिला असेल. कायद्याने तो पाळावा लागतो, ग्राहकाला तेवढे पुरते.

*चौथा: आपल्या उन्हाळ्यात पिंप टिकणार कसे?* बंगळूरसारख्या ठिकाणी पिंपातून दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास मद्य उडून जाते, स्कॉटलंडमध्ये सुमारे दोन टक्के. खानदेशाचा मे महिना त्याहून कठोर. आठ वर्षे ठेवले तर निम्म्याहून कमी हाती लागेल. पण उष्णतेत लाकडाची देवघेवही लवकर होते, म्हणून दोन-तीन वर्षे इथे पुरेशी ठरू शकतात. बंगळूरच्या अमृतने भारतीय जवाची सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोत बाजारात आणली, तेव्हापासून हा आक्षेप निकालात निघाला आहे. केंटकीची नक्कल करायची गरज नाही. आपल्या हवेला धरून आपले नियम करावेत, पण नियम असावेत.

८. मागणी

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून परवाना दिला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधने उठवली, पण पुढचे पाऊल राहिले आहे.

म्हणून राज्य सरकारकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे माझी मागणी चार ओळींची आहे. धान्याधारित मद्यात एक 'अमिश्रित' उपवर्ग करा. त्यात गाळपाची कमाल मर्यादा ८० टक्के ठेवा. धान्य वा फूल कोणते, कोणत्या तालुक्यात गाळले आणि किती महिने मुरवले, हे बाटलीवर मराठीत छापण्याची सक्ती करा. आणि सातपुड्यातल्या मोहाच्या मद्याला, ते बनवणाऱ्या आदिवासींच्याच सहकारी संस्थांमार्फत, याच वर्गात जागा द्या. ज्यांना दारू नको त्यांनी दारूविरुद्ध लढावे. त्यांच्या लढ्यालाही या माहितीचा उपयोगच होईल. पण राज्य जोवर मद्यातून महसूल घेते, तोवर त्या मद्याचा उगम सांगणे ही राज्याची जबाबदारी आहे. ती त्याने टाळू नये.